एका मताचा धनी

...आणि वर हसत हसत विचारतात, "सर, आजचा तास मी घेऊ का? इतिहासच आहे ना!" म्हणजे मी वर्गात काय फुगे विकतो? आमचे गणिताचे सर हो, दुसरं कोण! परीक्षा जवळ आली की त्यांचा अभ्यासक्रम उतू जातो आणि सांडतो तो नेमका माझ्या तासावर. मी खडू ठेवतो, पुस्तक उचलतो, निघतो. इतिहास काय, होऊनच गेलाय, तो कुठे पळतोय? मला काही वाटत नाही. खरंच सांगतो, काही म्हणजे काही वाटत नाही.

घरी बायको म्हणते, "अहो, भांडा की जरा! पोरांना हक्क शिकवता ना तुम्ही?" शिकवतो की! नागरिकशास्त्र, पाठ पाचवा, मतदाराचे हक्क. पण आठवीला तो पाठ काढला रे काढला की दारात गणित उभं. पोरांना हक्क माहीत नाहीत, वर्गमुळं तोंडपाठ!

बरं, एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. परवा मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावलं. म्हणाल्या, "सर, आठवीचे तुमचे सगळेच तास गणिताला देऊन टाकू या का? तसंही..." आणि थांबल्या. तसंही काय, ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पण तुम्हाला सांगतो, कुठून अवदसा आठवली कुणास ठाऊक, मी म्हणालो, "वर्गालाच विचारू. मतदान घेऊ." माझा आवाज ऐकून मीच दचकलो!

झालं! बुटाचं खोकं आणलं, वर चीर पाडली, कपाटाआड आडोसा केला, बोटाला शाई... सगळं रीतसर. गणिताचे सर प्रचाराला उभे राहिले, "मला मत द्या, आठवडाभर गृहपाठ बंद!" टाळ्या, शिट्ट्या, बाकं बडवणं! मग माझी पाळी. मी म्हणालो, "मी... शिकवीन." वर्गात इतकी शांतता की पंखा ऐकू यायला लागला. मॉनिटर म्हणाला, "सर, अजून काही?" म्हटलं, "नाही बाळा, एवढंच."

मोजणी सुरू. मॉनिटर चिठ्ठ्या उघडतोय, "गणित! गणित! गणित!" पाढे म्हटल्यासारखा. मध्येच अडखळला. "इतिहास?" अख्खा वर्ग माना वळवून शोधायला लागला, हा फितूर कोण! पुढे शेवटपर्यंत गणितच. सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली, "लोकशाही आहे, सर!" हे मला सांगतात! मला! पण मला काही वाटलं नाही.

बाई मात्र न्यायी हं. म्हणाल्या, "एक मत पडलंय ना? मग एक तास ठेवा." आठवड्यातला शेवटचा! दप्तरं भरून पोरं घंटेकडे कान लावून बसतात, तो!

तर त्या दिवशी जिन्यात शेवटच्या बाकावरची मुलगी भेटली. कधी तोंड उघडत नाही, त्या दिवशी म्हणाली, "सर, ते मत माझं होतं."

म्हटलं, "अगं, गुप्त असतं ते, सांगायचं नसतं!" पण राहवेना हो. शेवटी विचारलंच, "का दिलंस गं?"

"सर, घरी धाकटा भाऊ रात्रभर रडतो. तुमच्या तासाला इतकी छान झोप लागते! बाकी सगळे ओरडतात. तुम्ही नाही ओरडत."

मला... नाही, काही वाटलं नाही. जरा वेळ जिन्यात उभा राहिलो, बस. घरी बायकोला सांगितलं, तर ती हसता हसता उठली, ताट वाढलं आणि म्हणाली, "जेवून घ्या."

आता त्या एका तासाला मी पाठ पाचवाच घेतो. पहिलंच वाक्य आहे, 'मतदाराने सदैव जागरूक असावे.' ते मी अगदी हळू आवाजात वाचतो. एकच तर मतदार आहे हो माझा, त्याची झोप कशाला मोडायची?