पुरा कोयता

शेवगाव बसस्थानकात नगरच्या गाडीच्या रांगेत माझ्या पुढे एक मुलगी आणि तिची आत्या उभ्या होत्या. मुलीच्या मोबाईलवर आत्याचा ऊस तोडतानाचा फोटो होता.

"आत्या, या साईटवर फोटो कितीबी ठेवा, फुकट हाय. पण छापून देत न्हाईत."

"आन् दुसरी?"

"ती टी-शर्टवर, कपावर छापून विकती, लोकांच्या घरी पोचवती. पण तुझा फोटो तिनं परत पाठवला. हातात हत्यार हाय म्हनं. फोटोतला कोयता पुसला तर घेतील."

"कोयता पुसल्यावर मी फडात काय करती, हवा खाती व्हय?"

"तिसरी हाय एक. तिथं कोयता चालतो, पण गिऱ्हाईक कमी."

"तिथं टाक."

"दुसरीवर लई खपलं असतं गं. पुसू का जरासा?"

"दिशा, मुकादम नवरा-बायकोला मिळून एक कोयता मोजतो. सतरा वर्षं मी अर्धीच हाय. या फोटोत माझ्या एकटीच्या हातात पुरा कोयता हाय. तो पुसायचा न्हाई."

"बरं. कपावर छापू?"

"टी-शर्टवर. चांगला मोठा. आन् पयला मुकादमाच्या मापाचा."