ओल्या शाईचा हत्ती

टपालाच्या खिडकीपाशी पुढचं जोडपं सरकेना, तेव्हा मागच्या शिंप्याने कान टवकारले. नवऱ्याच्या हातात घरी हत्तीचा ठसा मारून केलेलं भेटकार्ड होतं, सताड उघडं.

"अहो, मिटा आणि पाकिटात घाला."

"शाई ओली आहे. मिटलं तर एका हत्तीचे दोन होतील."

"महिना झाला ठसा मारून! भाऊजींशी धरलेला अबोला संपवायचाय ना?"

"त्याने उत्तरच दिलं नाही तर?"

"हे बघा, बोट फिरवलं. लागलं काही?"

"तुझं बोटच कोरडं आहे."

शिंप्याला राहवलं नाही. खात्री करायला त्याने थुंकी लावलेला अंगठा हत्तीवर दाबला, तसा हत्तीचा डोळा ओघळला.

"छान! आता भाऊजींना वाटेल, तुम्ही रडलात."

"रडताना मी कार्ड लांब धरलं होतं," म्हणत नवऱ्याने ते मिटलं.