तिसऱ्या सिलिंडरमधली हवा

गॅरेजच्या बाकावर मी माझ्या गाडीची वाट बघत होते. रेडिओ चालू होता. समोर मिस्त्री एका म्हाताऱ्या बाईंना त्यांच्या गाडीचं दुखणं समजावत होता.

"काकू, बाकीचे तीन सिलिंडर ठणठणीत आहेत. हा तिसरा दाब धरत नाही."

"हे गेले तेव्हापासून अशीच धापा टाकतेय बघ."

"सिलिंडरमध्ये तेल ओतून पाहिलं, फरक नाही. म्हणजे पिस्टनच्या रिंगा शाबूत आहेत, व्हॉल्व्ह गळतोय. आता नळीने आत हवा सोडलीय. सायलेन्सरला कान लावा."

"अगंबाई!"

"येतेय ना हवा?"

"हवा कसली, मेल्या! हे झोपलेत. श्वास, मग थांबणं, मग ती शीळ. चाळीस वर्षं ऐकलीय मी."

"गळती सलग असते, काकू. मध्येच थांबत नाही."

"मग तूच ऐक."

त्याने वाकून सायलेन्सरला कान लावला.

"का रे, आलं ऐकू?"

"काकू, हवेचा नळ मी मघाशीच बंद केलाय."

"मग व्हॉल्व्ह बदलू नकोस."

"अहो, एक दिवस भर रस्त्यात बंद पडेल गाडी!"

"पडू दे. मी बसेन सोबतीला. आणि हळू बोल, आत्ताच डोळा लागलाय त्यांचा."

मिस्त्रीने जाऊन रेडिओ बंद केला. मग बाकापर्यंतही ऐकू येऊ लागलं.