बिबड्यांची खाट

जळगाव-शिरपूर बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर दोघी बोलत होत्या.

“अक्का, डबा खाली ठेवा की.”

“नको माय, ज्वारीच्या बिबड्या आहेत, पापडासारख्या मोडतील. यांच्यापायीच परवा आमच्या कम्प्युटरवरचा टीव्ही एकदम बंद पडला.”

“बिबड्यांनी?”

“ऐक तर. पोरानं कम्प्युटरला लावलेला तो टीव्ही ट्यूनर दहादा काढला, घातला. शेवटी नवा आणायला निघाला. तेवढ्यात सून गच्चीवर गेली. मी बिबड्या वाळत घातलेली खाट डिशला टेकवलेली, डिशच फिरून गेलेली. तिनं सरळ केली.”

“अन् तुमचं नाव सांगितलं?”

“छे! म्हणाली, वाऱ्यानं फिरली.”

“गुणाची आहे. कुठं निघालात?”

“तिच्या माहेरी. त्या दिवशी वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती, हे तिच्या आईला सांगायला नको?”