जांभळ्या पानाचा धान

भंडाऱ्याच्या बसस्टँडवर, आंधळगावच्या गाडीची वाट पाहताना. शेजारच्या बाकड्यावर पुण्याहून आलेली लेक आणि तिला घ्यायला आलेले वडील.

"मंग राखी, तुह्या मशीनचं काय झालं?"

"पास झाली, बाबा! मेंदूतल्या कोण्या पेशीनं विजेचा कोणता ठोका देला, ते आता मशीनच निवडते. डोळ्यानं पाहून आम्हाले तीन हप्ते लागत."

"अन् आता?"

"चहा पिऊन होत नाही, तं काम झालं."

"पण तुह्ये सर तं मानत नव्हते."

"म्हणे, पंख्याची घरघरही पेशी म्हणून मोजत असन. मंग मले आपली धानाची बांधी आठवली. करग्याचं गवत धानासारखंच दिसते, म्हणून एक साल जांभळ्या पानाचा धान लावला होता न?"

"हो. हिरवं दिसलं का उपट."

"तसेच मी ओळखीचे पाचशे ठोके त्या घरघरीत पेरले. कुठं पेरले, ते मलेच माहीत. मंग सरायनंही वेचले अन् मशीननंही."

"सांग न लवकर!"

"मशीनले चारशे ब्याण्णव सापडले. पंख्याचा एकही नाही."

"अन् सरायले?"

"तीनशे दहा."

"रागावले का वो?"

"नाही. म्हणे, ही युक्ती कोणाची? मी म्हटलं, माह्या बाबाची. आता शोधनिबंधात छापून येईन, आभार टेकचंद, आंधळगाव."

"ते नाव खोड."

"काहून?"

"जांभळ्या धानाले मी नाहीच म्हणत होतो. तुह्या मायनं मले न विचारता पेरला. शकुंतलाबाई लिही."