उलटा पंप

दवाखान्याच्या बाकावर कालिंदी घाबरून बसली होती. मांडीवरच्या बाळानं नाकात चिंचोका कोंबला होता.

“एकच घातलाय. मी डोळ्यांत तेल घालून बघत असते ना!” ती शेजारच्या बायकांना म्हणाली.

“भिऊ नगा ताई,” दवाखान्यात झाडलोट करणारी बयाबाई म्हणाली. “ लढाईच्या वक्ताला छावणीत आलेली पोलंडची माणसं गेली, पर एक इंजिनेर साहेब हितंच ऱ्हायला. त्यानं डॉक्टरला सायकलचा पंप उलटा करून दिलाय. वारं भरत न्हाय, आत ओढतोय.”

“बयाबाई, आदी कुणावर चालवला ते सांग की!” बाकावरची दुसरी बाई म्हणाली.

“इंजिनेर साहेब सोताच्याच नाकात चिंचोका घालून बसलाता.”

“मग निघाला?” कालिंदीनं विचारलं.

“व्हय की! संगं चार दिसांची तपकीरबी!”

तेवढ्यात डॉक्टरांनी हाक मारली. आतून बाळाचा टाहो ऐकू आला. थोड्या वेळानं कालिंदी ओशाळं हसत बाहेर आली.

“निघाला का, ताई?”

“दोन निघाले.”