तळमजल्यावरचा जिना

"हॅलो?… हो, इरावतीच बोलतेय. कोण?… प्रमोदिनीकाकू? बोला ना…"

इरावती आईच्या स्वयंपाकघरात भिंतीला पाठ टेकून उभी होती. मँचेस्टरमधल्या या सरकारी फ्लॅटची किल्ली महिनाअखेरीस कौन्सिलला परत द्यायची होती. आईला जाऊन पाच आठवडे झाले, तरी या नंबरवर फोन अजून आईलाच यायचे. लायब्ररीचे, चष्म्याच्या दुकानाचे, आणि आज हा. प्रमोदिनीकाकू आईच्या मंडळातल्या मैत्रीण, ट्रॅमने चार स्टॉप पलीकडे मुलाकडे राहायच्या. गेल्या नोव्हेंबरात त्यांची सून मीनल एका संध्याकाळी हातात एकच पिशवी घेऊन आईच्या दारात उभी राहिली, आणि आईने तिला आत घेतलं. तेव्हापासून आई आणि काकूंचं बोलणं बंद होतं. आई गेली तेव्हाही काकू आल्या नव्हत्या.

"नाही, फार त्रास नाही झाला. झोपेतच… हो. तुमचं नाव निघायचं अधूनमधून… रागाने नाही हो. यंदा प्रमोदिनीशिवाय तिळगूळ, असं म्हणाली होती… काकू, बसलात का कुठे? बसा आधी."

तिने पलीकडचं नाक ओढणं संपू दिलं. मग काकूंनी डब्याची चौकशी केली. कडीचा, स्टीलचा, मागच्या दिवाळीत चकल्या घालून पाठवलेला.

"असेल ना. शोधून ठेवते."

डब्यासाठी कोणी इतक्या दिवसांनी फोन करत नाही, हे इरावतीला कळत होतं. समोरचं माणूस घुटमळत असलं की आपण बोलून त्याची सुटका करू नये, असं आई म्हणायची.

"मीनल?… बरी आहे. खरंच बरी… कुठे ते नाही सांगता येणार. तुम्हालाच असं नाही, कोणालाच नाही… हो, जेवते. इंग्रजीच्या क्लासला जाते. मला परवा फोनवर इंग्रजीत म्हणाली, आय ॲम कीपिंग वेल. मी म्हटलं, बाई गं, माझ्याशी तरी मराठी बोल… हसताय ना? हसा."

पुढचा प्रश्न येणार हे तिला माहीत होतं.

"व्हिसा सतरा तारखेला संपतो. आज तीन."

मीनल लग्नाच्या व्हिसावर दोन वर्षांसाठी आलेली. नांदली नाहीस तर सांगलीचं तिकीट, एवढाच कायदा तिच्या नवऱ्याने, कुशलने, तिला शिकवला होता. खरा कायदा थोडा मोठा होता. या दोन वर्षांत मारहाणीपायी संसार मोडला असेल, आणि तसं दाखवता आलं, तर बाईला इथेच कायमचं राहता येतं. दाखवण्यावरच सगळं अडलं होतं. मीनल ज्या आश्रयगृहात राहत होती त्यांचं पत्र होतं. पण मोडलेल्या मनगटापुढे दवाखान्याच्या कागदात लिहिलेलं होतं: जिन्यावरून पडली, असे सासूबाई सांगतात. मीनलला तेव्हा इंग्रजी येत नव्हतं. तिच्या वतीने डॉक्टरांशी काकूच बोलल्या होत्या.

"वाचलाय मी तो कागद… नाही, मी काही विचारत नाहीये… हो काकू. तुमचं घर तळमजल्यावर आहे. मी शंभरदा आलेय की."

मग काकू बोलू लागल्या, हळू, वाक्यं अर्धी सोडत. डॉक्टरांनी एकदम विचारलं, हे कसं झालं? आणि काकूंच्या तोंडून सांगलीच्या घरातला जिना निघून गेला. दगडी, अकरा पायऱ्यांचा. नवी नवरी असताना त्या स्वतः त्याच जिन्यावरून दोनदा पडल्या होत्या, म्हणजे डॉक्टरांना तसंच सांगायचं असतं हे त्यांना पाठ होतं. घरी येऊन चहा टाकताना त्यांच्या लक्षात आलं की या घराला जिनाच नाही.

इरावतीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मग हेच सांगा ना… मला नाही, डॉक्टरांना. ते दुसरं पत्र द्यायला तयार आहेत. फक्त तेव्हा जे सांगितलं ते खरं नव्हतं, हे ज्याने सांगितलं त्यानेच म्हणायला हवं… मीनलने म्हणून नाही भागत. तिच्या वकीलबाईंनी विचारून पाहिलं."

उत्तर आलं तेव्हा ती सरळ उभी राहिली.

"तुम्हाला परत पाठवेल? कोण, कुशल?… व्हिसा रद्द करीन म्हणाला? कधी?… म्हणजे नोव्हेंबरपासून तुम्ही हे मनात धरून बसलाय."

तिच्या डोक्यात एकदम आलं की हे आईला कळायला हवं होतं. आईला वाटलं होतं, मैत्रिणीने मुलाची बाजू घेतली.

"पासपोर्ट कोणाकडे आहे?… देवांच्या खालच्या खणात? फार छान. आणा बरं… चष्मा लावा. मी आहे, फोन ठेवत नाही."

सपातांचा आवाज लांब गेला. खिडकीत आईने लायब्ररीतून आणलेली कादंबरी होती, बसचं तिकीट एकशे बारा पानावर. इरावतीने ती तीनदा परत करायला काढली होती.

"हं… स्टिकरचं पान. तुमच्या फोटोच्या आसपास. मोठ्या अक्षरांत काय आहे?… एकेक अक्षर सांगा. आय, एन, डी… हो, हो… पुढचं… हां, तेच. इनडेफिनिट. म्हणजे मुदत नाही. कायम… अहो, तुम्ही पहिल्या दिवसापासून कायमच्या आहात काकू. काका गेल्यावर आलात, पासष्टी उलटली होती, म्हणून तसाच दिला त्यांनी… सही केली होती ना त्याने. आईला सांभाळीन, सरकारवर भार टाकणार नाही, म्हणून. ती त्याला बंधनकारक, तुम्हाला नाही. आणि ती पाच वर्षांची. तुम्ही आलात कधी?… दोन हजार एकच्या मार्चमध्ये. मग संपली की ती या मार्चमध्ये."

काकूंनी तोच शब्द पुन्हा अक्षर अक्षर वाचून दाखवला. तिने पुन्हा ऐकला.

"हो… हो, छापलेलंच आहे. मी वकील नाही, सोमवारी वकीलबाईंना दाखवू. पण पोराच्या रागाने हे पुसलं जात नाही… राहायचं कुठे? ते बघू. कौन्सिलकडे घरासाठी अर्ज करता येतो, आई नव्हती का इथे एकटी?… सोपं आहे असं नाही म्हणत मी. तो तुमचा मुलगा आहे."

यावर काकू काय म्हणाल्या ते तिला नीट ऐकू आलं नाही, आणि तिने पुन्हा विचारलं नाही.

"सोमवारी, अकरा वाजता. मी येते घ्यायला… का नको?… बरं. खरंय, म्हणेल तो, इरावतीने पळवून नेलं. एकट्या याल? ट्रॅमचं तिकीट मशीनमधून… कधी शिकलात?… आईने शिकवलं? मला कधी बोलली नाही. बरं, मी स्टॉपवर उभी असेन… मीनलला काय सांगू?… नाही, हे मी नाही सांगणार. हे तुम्हीच सांगा, ती भेटायला हो म्हणाली तर."

तिला वाटलं आता काकू ठेवतील. पण काकूंना सोमवारचा भरवसा नव्हता. रात्री मुलासमोर जेवायला बसलं की आपण बदलू, असं त्यांनीच सांगितलं. आत्ताच लिहून घे म्हणाल्या.

"आत्ता?… चार वाजलेत. तो किती वाजता येतो?… मग आहे वेळ. हो, मराठीतच सांगा, भाषांतर ते करून घेतात… थांबा, पेन."

कौन्सिलच्या पत्राची मागची बाजू कोरी होती. ओट्यावर वाकून ती लिहीत राहिली. काकू आता अडखळत नव्हत्या. उलट मध्येच थांबून, झालं का लिहून, असं विचारत होत्या.

"वाचून दाखवते. ‘मी, प्रमोदिनी, वय वर्षे एकाहत्तर. मीनल माझी सून. चौदा ऑक्टोबरला माझा मुलगा कुशल याने तिच्यावर हात उचलला…’ काय?… हे नको? मग?"

तिचं पेन थबकलं.

"…खोडलं. ‘मारलं.’ ‘मनगट पिरगाळलं, आणि मारलं.’… ‘मी दारात उभी होते. मी अडवलं नाही.’ काकू, हे शेवटचं लिहायलाच हवं असं काही नाही… नाही, त्याची गरज नाही त्यांना… बरं. लिहिलं… हो, तसंच, तुमच्या शब्दांत… खाली सही सोमवारी. जागा सोडलीये."